ही शार्प कुणाची? पालेस्त्रीनाच्या मिस्साची गाता येईल अशी प्रत बनवताना

आमच्या क्वायरने पालेस्त्रीना या सोळाव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराची 'मिस्सा पापे मार्चेली' (मिस्सा म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधीचे लॅटिन शब्द, इथे समूहगायनासाठी बांधलेले) घ्यायची ठरवली आणि पहिल्याच रिहर्सलला अडलं. अर्ध्या लोकांनी एका साइटवरून पीडीएफ उतरवलेली, अर्ध्यांनी दुसरीकडून, बार नंबर जुळेनात, आणि एका जागी आल्टोतल्या निम्म्या बायका शार्प (अर्धा स्वर वर) गात होत्या आणि निम्म्या साधा स्वर. एकीने विचारलं, ही शार्प पालेस्त्रीनाची आहे की छापणाऱ्याने घातलीय? कुणालाच सांगता येईना, कारण जिथे ती होती तिथे बाकीच्या नोट्सइतकीच ठळक छापलेली होती. त्या दिवशी मी ठरवलं की आपली प्रत आपणच करायची, मूळ छापील पानावरून. करायला बरेच महिने लागले पण त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय, कुणाला क्वायरसाठी असं काम करायचं असेल तर उपयोग होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही मिस्सा १५६७ साली रोममधे पालेस्त्रीनाच्या मिस्सांच्या दुसऱ्या पुस्तकात छापली गेली, सहा आवाजांची आहे, आणि नाव पोप दुसरा मार्सेलस याच्यावरून, जो १५५५ मधे जेमतेम तीन आठवडे पोप होता. ट्रेंटच्या परिषदेत (कॅथलिक चर्चची त्या काळातली मोठी सभा) बहुस्वरी संगीतावर बंदी येणार होती आणि या मिस्साने ते वाचवलं अशी गोष्ट सांगतात, तिला पुरावा नाही. पण शब्द ऐकू यावेत हा आग्रह त्या काळात होता हे खरं, आणि ग्लोरिया-क्रेदोमधे (हे मिस्साचे भाग, किरिए, होसान्ना, बेनेदिक्तुस, आग्नुस हे पण) सगळे आवाज जवळपास एकत्र शब्द उच्चारतात ते त्यातलंच. प्रत करताना ही गोष्ट फार कामाला येते, पुढे सांगतो.

पहिलं काम, सोर्स ठरवा

आयत्या आधुनिक प्रतीवरून कॉपी करू नका. पालेस्त्रीना १५९४ मधे वारला, त्याचं संगीत सगळ्यांचं आहे, पण आजच्या एडिटरने घातलेल्या खुणा, शब्दांची मांडणी, प्रस्तावना यावर त्याचा हक्क असू शकतो (भारतात तो एडिटर वारल्यानंतर ६० वर्षं टिकतो). आणि हक्काचा प्रश्न नसला तरी दुसऱ्याच्या चुका तुम्ही आपल्या म्हणून पुढे पाठवता. युरोपातल्या बऱ्याच लायब्रऱ्यांनी सोळाव्या शतकातली छापील पुस्तकं स्कॅन करून नेटवर ठेवलीत, काही आयएमएसएलपी या फुकट नोटेशनच्या साइटवर पण मिळतात. कुठल्या लायब्ररीत काय आहे ते शोधायला रिझमचा (जगभरातल्या जुन्या संगीताच्या प्रतींची नोंद ठेवणारी संस्था) कॅटलॉग आहे. स्कॅन छापून वाटायचं असेल तर त्या लायब्ररीची अट वाचा, नुसतं बघून उतरवून घ्यायला सहसा अडचण येत नाही.

जुनी छापील प्रत म्हणून ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेलची पालेस्त्रीना मालिका (१८६२ ते १९०७, ३३ खंड) शेजारी उघडून ठेवायला चांगली, शंका आली की बघायला. पण मूळ तीच धरू नका. आणि एक लक्षात ठेवा, लोकप्रिय मिस्सांची पुढच्या पिढीने रूपांतरं केली. याच मिस्साची आनेरियोने चार आवाजांत केलेली आवृत्ती १६१९ मधे छापली, सोरियानोने आठ आवाजांची केली. तुमच्या हातात नक्की काय आहे ते मुखपृष्ठावरून पक्कं करा. क्वायर लहान असेल तर आनेरियोची चार आवाजांची घेणं हा खरंच चांगला मार्ग आहे, फक्त तसं पहिल्या पानावर लिहा.

दुसरं, पान वाचायला शिका

१५६७ चं हे पुस्तक क्वायरबुक पद्धतीचं आहे. म्हणजे स्कोर नाही, एकाखाली एक आवाज नाहीत, उघडलेल्या दोन पानांवर प्रत्येक आवाज आपापल्या जागी वेगळा छापलेला, मोठ्या अक्षरात, कारण सगळा क्वायर एकाच पुस्तकासमोर उभा राहून गायचा. बार लाइन (लयीचे तुकडे पाडणारी उभी रेघ) कुठेच नाही. याचा एक मोठा फायदा आहे जो मला फार उशिरा कळला: पान सगळ्यांसाठी एकदमच उलटणार, त्यामुळे समोरच्या दोन पानांवरचे सगळे आवाज एकाच क्षणी संपायला पाहिजेत. तुमची बेरीज एका आवाजात कमीजास्त आली तर चूक त्याच दोन पानांत आहे, अख्खी मिस्सा तपासत बसायला नको. (दुसऱ्या मिस्सा वेगवेगळ्या पार्टबुकांत, म्हणजे एका आवाजाचं एक पुस्तक अशा, छापलेल्या असतात, उदाहरणार्थ इंग्लंडमधे बर्ड या संगीतकाराच्या तीन मिस्सा १५९० च्या दशकात मुखपृष्ठाशिवायच छापल्या, कारण तिथे कॅथलिक मिस्सा बेकायदेशीर होती. तिथे ही सोय नाही.)

नोट्सची नावं मोठ्याकडून लहानाकडे लोंगा, ब्रेव्हिस, सेमीब्रेव्हिस, मिनिमा, सेमीमिनिमा, फुसा. सुरुवातीला लयीची खूण म्हणून उभी रेघ मारलेला सी असतो, त्यात प्रत्येक नोट पुढच्या दोन लहान नोट्सइतकी, सोपं. शेवटची नोट लोंगा छापलेली असते, तिची किंमत मोजायची नाही, सगळे थांबेपर्यंत धरायची. दोन नोट्स चिकटवून लिहिलेल्या दिसतात त्यांना लिगेचर म्हणतात, या काळात बहुतेक वेळा डाव्या बाजूला वर जाणारी दांडी असलेलंच भेटतं आणि ते म्हणजे दोन सेमीब्रेव्हिस. काळ्या केलेल्या ब्रेव्हिस किंवा सेमीब्रेव्हिस दिसल्या तर थांबा, त्यांची किंमत बदललेली असते. तीनच्या लयीचे भाग, जे होसान्नात वगैरे भेटतात, तिथे तर ब्रेव्हिस कधी तीनची कधी दोनची होते आणि शेजारच्या नोटवर ते अवलंबून असतं, त्यामुळे पहिल्या कामाला असा भाग असलेली मिस्सा घेऊच नका.

स्वर शार्प करायचा की फ्लॅट (अर्धा स्वर खाली) हे सांगणारी खूण त्या एकाच नोटपुरती, आजच्यासारखी बारभर चालत नाही, कारण बारच नाहीत. आणि नॅचरलची, म्हणजे साधा स्वर दाखवणारी, खूण तेव्हाच्या छपाईत सहसा नसते, फ्लॅट काढायला शार्प छापतात. बी वर शार्प दिसली म्हणून घाबरू नका, ते आपलं बी नॅचरल.

तिसरं, उतरवणं

मी एकेक आवाज वेगळा, मूळ क्लेफमधे (ओळीच्या सुरुवातीची खूण, कुठली रेघ कुठला स्वर ते सांगणारी), मूळ किमतीत टाइप करतो, शब्द न घालता. मग स्कोरमधे एकाखाली एक ठेवतो. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. म्यूझस्कोर फुकट आहे आणि पुरतं. लिलीपाँडमधे जुन्या लिपीची सोय जास्त आहे पण सगळं टाइप करून लिहावं लागतं. डोरिकोची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते, आणि त्याचं नाव ज्याच्यावरून ठेवलंय तो वालेरियो दोरिको रोमचा छापखानेवाला, आणि आपलं हे १५६७ चं पुस्तक त्याच घराण्याच्या वारसांनी छापलेलं! मला हे कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता.

एकत्र ठेवल्यावर वाजवून बघा. कॉम्प्युटरचा आवाज रडका असला तरी एक नोट सुटली असेल तर लगेच कान दुखतात. पालेस्त्रीनाच्या बाबतीत अजून एक कसोटी आहे: तो कर्कश स्वर फुकट कधी आणत नाही. जोरकस टाळीवर टोचणारा स्वर आला तर तो आधीच्या नोटवरून धरून आणलेला असतो आणि मग एक पायरी खाली उतरून सुटतो. असं न होता मधेच टोचलं, किंवा दोन आवाज सलग पाचव्या अंतराने बरोबर सरकले, तर नव्वद टक्के तुमची टाइपिंगची चूक आणि उरलेलं मूळ छपाईची. मूळची चूक असेल तर दुरुस्त करा पण नोंद ठेवा, ती नोंद शेवटी लागते.

चौथं, बार लाइन आणि नोट्सची किंमत

यावर लोक भांडतात. मूळ किमती ठेवल्या तर पान पांढरंफेक दिसतं आणि ज्यांना सवय नाही ते गायक गोल नोट बघितली की आपोआप संथ होतात. मी हौशी क्वायरसाठी सगळं निम्मं करतो, म्हणजे सेमीब्रेव्हिसची आजची हाफ नोट, आणि वर स्पष्ट लिहितो की किमती निम्म्या केल्यात. तेव्हाची मोजणी म्हणजे टाक्तुस, हाताची एक खाली-वर हालचाल, बहुतेक एका सेमीब्रेव्हिसला एक, आपल्याकडे मांडीवर टाळी धरतात त्याच्या जवळची गोष्ट. फक्त इथे सम नाही. हे महत्त्वाचं आहे कारण बार लाइन घातली की गायक बारच्या पहिल्या नोटवर सम असल्यासारखा जोर देतात आणि लॅटिन शब्दाचा आघात मरतो. म्हणून काही एडिटर रेघ फक्त दोन स्टाफच्या (स्टाफ म्हणजे नोट्सच्या पाच रेघा) मधल्या जागेत काढतात, स्टाफवर नाही, त्यामुळे रेघेपलीकडे चालणारी नोट दोन तुकडे करून टायने (छोट्या कमानीने) जोडावी लागत नाही. दिसायला सुंदर आहे. आमच्याकडे करून बघितलं, पण सहा आवाजांत अर्धे लोक हरवले, म्हणून मी साधी रेघ आणि टाय ठेवला आणि जिथे शब्दाचा जोर बारच्या विरुद्ध जातो तिथे रिहर्सलमधे पेन्सिलने खूण करायला सांगतो.

पाचवं, फिक्ता, म्हणजे तीच शार्प

तेव्हाचे गायक काही शार्प-फ्लॅट न लिहिताच गात, त्यांना शिकवलेलं असायचं. याला म्यूझिका फिक्ता म्हणतात. या मिस्साचा मुक्काम (ओळ येऊन थांबते तो स्वर) सी वर आहे, तर सी ला सा धरा म्हणजे आपल्या लोकांना पटकन कळेल. पहिला नियम गरजेचा: शुद्ध मध्यम आणि शुद्ध निषाद एकमेकांवर किंवा सलग उडीत आले तर ते अंतर टोचतं, म्हणून सहसा निषाद कोमल करतात. दुसरा सौंदर्याचा: मुक्कामाला येताना दोन आवाज सहाव्या अंतरावरून आठव्यावर उघडतात तेव्हा वरचा आवाज अर्ध्या स्वराने यायला हवा. पंचमावर, म्हणजे जी वर मुक्काम असेल तर मध्यम तीव्र करा. डी वर असेल तर सी ला शार्प, ए वर असेल तर जी ला. सी वर काहीच नको कारण शुद्ध नि आहेच. आणि ई वर मुक्काम असेल तर डी ला शार्प लावू नका, तिथे खालचा आवाज एफ वरून ई वर अर्ध्या स्वराने येतोच, ही चूक नवशिक्या प्रतींत फार सापडते. तिसरा नियम ('ला', 'फा' ही त्यांची स्वरनावं): 'ला'च्या वर एकच स्वर जाऊन परत आला तर तो 'फा' गावा, म्हणजे ध नि ध मधे कोमल नि. हा नियम मी सगळ्यात जपून वापरतो, शेजारच्या आवाजात त्याच वेळी शुद्ध नि असेल तर वाट लागते.

आता छापायचं कसं, कारण सगळा लेख याच्यासाठी लिहितोय. मूळ पुस्तकात असलेली खूण नोटच्या डावीकडे, नेहमीच्या जागी. तुम्ही घातलेली खूण नोटच्या डोक्यावर, लहान. बस. एवढं केलं की आल्टोतली बाई विचारणार नाही, तिला पानावरूनच दिसेल, आणि कंडक्टरला नको असेल तर तो वरची खूण खोडू शकतो, पालेस्त्रीनाची नोट न खोडता. लिगेचर असेल तिथे वर सलग आडवा कंस, काळ्या नोट्स असतील तिथे तुटक कंस, हे पण ठरलेलंच आहे.

सहावं, शब्द

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. मूळ छपाईत शब्द ओळीखाली साधारण जागेवर असतात, कुठलं अक्षर कुठल्या नोटखाली ते नेमकं दिसत नाही, आणि वाक्य परत गायचं असेल तर नुसती 'ij' अशी खूण छापून मोकळे. त्सार्लीनो या इटालियन संगीतशास्त्रज्ञाने १५५८ च्या आपल्या ग्रंथात यासाठी नियम दिलेत, त्यातले मला रोज लागतात ते असे. लिगेचरला एकच अक्षर. सेमीमिनिमाला शक्यतो स्वतंत्र अक्षर नाही. काळ्या छोट्या नोट्सची धाव संपून लगेच पांढरी नोट आली तर तिच्यावर नवीन अक्षर टाकायचं नाही. (एकाच सुरावर नोट पुन्हा आली तर मी नवीन अक्षर टाकतो.) आणि शेवटची नोट शेवटच्या अक्षराची.

ग्लोरिया आणि क्रेदोपासून सुरुवात करा. मोठे आहेत म्हणून लोक घाबरतात, पण तिथे शब्द जवळपास नोटेला एक बसतात, हात बसतो. किरिएत शब्द तीनच आणि नोट्स ढीगभर, तिथे खरा निर्णय लागतो. 'एलेइसोन' तीन अक्षरी म्हणायचं की चार, 'किरिए'चा शेवटचा ए आणि पुढचा ए एकत्र करायचा का, हे प्रत्येक आवाजात वेगळं निघू शकतं. मी आधी जिथे नोट्स कमी आहेत ती जागा बघतो, तिथे जेवढी अक्षरं बसतात तोच हिशोब बाकी आवाजांत लावतो. एकच धून एका आवाजातून दुसऱ्यात जाते तेव्हा शब्द सारखेच बसवा, नाहीतर ऐकणाऱ्याला ती धून आहे हेच कळत नाही. तुम्ही पुन्हा घातलेले शब्द तिरक्या अक्षरात छापा, इथेही तोच मुद्दा, कुणाचं काय ते दिसू दे. मूळात एम आणि एन ऐवजी अक्षरावर आडवी रेघ असते ती सोडवून पूर्ण शब्द लिहा, आणि स्पेलिंग एकच पद्धत धरा.

आमच्याकडे वसईचे काही जण आहेत, त्यांची मिस्सा लहानपणापासून मराठीत, त्यामुळे लॅटिन नवीन असलं तरी कुठे काय चाललंय ते त्यांना आतून माहीत असतं. बाकीच्यांसाठी मी मागच्या पानावर शब्दाला शब्द मराठी अर्थ दिला. अर्थ कळल्यावर श्वास कुठे घ्यायचा हे सांगावंच लागलं नाही, फार फरक पडला.

एक जागा विसरू नका. ग्लोरियाची पहिली ओळ आणि क्रेदोची पहिली ओळ पालेस्त्रीनाने बांधलेलीच नाही, ती धर्मगुरू एकटे गातात, क्वायर 'एत इन तेर्रा पाक्स' आणि 'पात्रेम ओम्निपोतेन्तेम' पासून सुरू होतो. तुमच्या प्रतीत ती ओळ ग्रेगोरियन चांटच्या पुस्तकातून घेऊन, एडिटरने घातली असं लिहून छापा, नाहीतर कॉन्सर्टला सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतील. होसान्ना बेनेदिक्तुसनंतर पुन्हा येतो ते पण स्पष्ट लिहा. आणि दुसऱ्या आग्नुसमधे आवाज सात होतात, तेव्हा सातवी ओळ कोण गाणार ते आधीच ठरवा.

सातवं, उंची

ही मिस्सा उंच क्लेफांत छापलेली आहे. नेहमीची जोडी वरून खाली सी १, सी ३, सी ४, एफ ४ अशी असते (अक्षर म्हणजे क्लेफ कुठल्या स्वराचा, आकडा म्हणजे खालून कितव्या रेघेवर), उंच जोडी जी २, सी २, सी ३ आणि बासला एफ ३ किंवा सी ४. उंच क्लेफ दिसले की तेव्हाचे लोक बऱ्याचदा खाली उतरवून गात. प्रेटोरिउस या जर्मन संगीतकाराने १६१९ मधे लिहिलंय की सुरुवातीला फ्लॅट असेल तर चार स्वर खाली, नसेल तर पाच (पहिला स्वर धरून मोजायचे). पण त्यांच्या क्वायरमधे पुरुष आणि मुलं, आपल्याकडे सोप्रानो-आल्टो बायका, पाच स्वर खाली आणलं तर आल्टोला तळ लागतो. आम्ही एकेक स्वर उतरवत गाऊन बघितलं आणि दोन्ही टेनर आणि दोन्ही बास जिथे आरामात उभे राहिले तिथे थांबलो. किती उतरवलं ते लिहा, आणि पहिल्या ओळीच्या आधी छोट्या स्टाफवर मूळ क्लेफ, मूळ खूण आणि पहिली नोट छापा, त्याच्या शेजारी प्रत्येक आवाजाचा सगळ्यात खालचा आणि वरचा स्वर.

इथे एक खड्डा आहे ज्यात मी पडलो. फिक्ताची खूण नुसतं चित्र म्हणून नोटच्या डोक्यावर चिकटवली असेल तर ट्रान्सपोज करताना, म्हणजे सगळंच वर-खाली सरकवताना, ती बदलत नाही. एफ शार्प पाच स्वर खाली आणला की बी नॅचरल होतो, तिथे सुरुवातीला बी फ्लॅट असतो म्हणून नॅचरलची खूण पाहिजे, पण पानावर शार्पच राहते. मी छत्तीस जागा हाताने बदलल्या. तेव्हा आधी ट्रान्सपोज करा, फिक्ता सगळ्यात शेवटी.

छपाई आणि नोंदी

स्टाफ साधारण सहा मिलिमीटर उंच, सहा आवाज असले की ए फोर पानावर दोनच ओळी बसतात, बसू द्या, दाटी करू नका. पान उलटायची जागा निदान चार आवाज गात असताना येऊ नये असं बघा. लहान-मोठ्या आवाजाच्या खुणा, संथ-जलद, यातलं मूळात काहीच नाही, घालू नका, कंडक्टर सांगेल.

शेवटच्या पानावर नोंदी. कुठली प्रत बघितली, साल, लायब्ररी. किमती निम्म्या, उंची किती. मग दुरुस्त्या, एका ओळीत एक: बार नंबर, आवाज, कितवी नोट, मूळात काय होतं. कंटाळवाणं वाटतं, पण पुढच्या माणसाला तुमचा निर्णय पटला नाही तर तो या ओळीवरून परत मूळाकडे जाऊ शकतो.

छापून वाटण्याआधी एका आवाजाला एक अशी सहा माणसं बसवून पूर्ण गाऊन घ्या, पियानो न लावता. पियानो चूक झाकतो. आमच्याकडे एक गोव्याचे काका आहेत, पॅरिश स्कूलमधे सोल्फा शिकलेले, ते नोट न बघता तोंडाने सोल-फा म्हणत वाचतात, त्यांनी पहिल्या बैठकीत अकरा चुका काढल्या, त्यातल्या सात शब्दांच्या. फाइलच्या नावात व्हर्जन नंबर आणि तारीख घाला आणि तोच नंबर पानाच्या खाली छापा, म्हणजे ग्रुपवर जुनी पीडीएफ फिरत राहिली तरी कुणाच्या हातात कुठली आहे ते कळतं. आमची सध्या सातवी चालू आहे. शेवटची दुरुस्ती क्रेदोत, दुसऱ्या टेनरचं एक अक्षर एक नोट पुढे सरकवलं.